टूलकिटची छाटणी : पावसाळ्याआधीचा टप्पा

आमचं मोटरसायकलवर न्यायचं दुरुस्तीचं किट आता एका कॅनव्हासच्या गुंडाळीत बसतंय, वजन साधारण साडेतीन किलो. पंपाची पिशवी वेगळी. या टप्प्यात दोन गोष्टी झाल्या : रस्त्याप्रमाणे किटचे दोन भाग पाडले, आणि घरी गाडीवर वापरून न पाहिलेला प्रत्येक पाना बाहेर काढला.

आधी रस्ता. पन्हाळा, जोतिबा, कागल, निपाणी या बाजूला पंक्चरवाला आणि गॅरेज सहज मिळतं. तिथं प्लग पाना, फ्यूज, पकड आणि पंक्चर किट एवढं पुरे. राधानगरी सोडून दाजीपूरमार्गे फोंड्याकडं उतरताना, गगनबावड्याच्या पुढं करूळ-भुईबावड्यात, किंवा चंदगडहून तिलारीकडं जाताना मात्र रेंजचा भरवसा नाही आणि संध्याकाळनंतर मदतही कमी. पूर्ण गुंडाळी फक्त याच वाटांसाठी.

पाने निवडताना बाजारातला तयार सेट घेऊ नका. गाडी स्टँडवर लावा, पुढच्या ॲक्सलपासून मागच्यापर्यंत एकेक नट मापून कागदावर लिहा. होंडा-हिरो-यामाहा घराण्यात बहुतेक ८, १०, १२, १४, १७ मिमी अशी मापं निघतात. १३ चा पाना तिथं फुकटचं ओझं. दुसऱ्या कंपन्यांत १३ लागतोच. जपानी घराण्यातल्या फुलीच्या स्क्रूंना जेआयएस, म्हणजे जपानी मानकाची, खाच असते. साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यातून उसळून बाहेर येतो आणि स्क्रूचं डोकं मरतं. जेआयएसचा एक नंबर २ पुरतो.

मागच्या ॲक्सलचा नट हा खरा परीक्षक. सर्व्हिसिंगला तो बऱ्याचदा इम्पॅक्ट गनने आवळलेला असतो आणि किटमधल्या वीतभर पान्यानं जागचा हलत नाही. म्हणून घरीच, त्याच पान्यानं, तो सुटतो का बघायचं. सुटला नाही तर जोडायला पाइप हवा. इथं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या वर्कशॉपांचा फायदा घ्या : जाड भिंतीचा एक फूट पाइप पान्याच्या दांड्यावर घट्ट बसेल असा कापून घेतला, की तोच पाइप बाकी टी-पान्यांनाही दांडा म्हणून चालतो. नट परत आवळताना मॅन्युअलमधला टॉर्क (आवळायचा जोर) बघा. पाइप लावून अंगभर जोर दिला तर आटे जातात.

पंक्चर. ट्यूबलेसला खिळा काढायच्या आधी भोकाची दिशा बघा. खिळा तिरका शिरला असेल तर रीमर (भोक साफ करायची दांडी) आणि रबरी पट्टी घालायची सुई त्याच तिरप्यात घालायची, सरळ घुसवली तर धागे तुटून भोक मोठं होतं. पट्टीची दोन्ही टोकं सेंटिमीटरभर बाहेर ठेवून सुई झटक्यात सरळ ओढा, पिळू नका. मग थुंकी किंवा साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतो का बघा. साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूला, भोक असेल तर हा इलाज नाही, गाडी टेम्पोत घालायची. ऊस हंगामात कारखान्यांच्या रस्त्यांवर तारांचे बारीक तुकडे टायरमध्ये शिरतात. ते बाहेरून दिसत नाहीत, म्हणून बारीक टोकाची पकड ठेवाच. आणि सोल्युशनची ट्यूब एकदा फोडली की काही महिन्यांत आत वाळते; दर पावसाळ्याआधी नवी, सीलबंद घ्या.

ट्यूबवाल्यांचं काम जास्त. हिमालयन ४११ ला पुढं २१ आणि मागं १७ इंच, म्हणजे दोन ट्यूबा. जागा नसेल तर २१ ची एकच न्या. अडचणीच्या वेळी ती दुमडून मागं बसते, पण फक्त गाव गाठेपर्यंत. टायर लिव्हर तीन हवेत, दोनवर हात कमी पडतात. लिव्हर वॉल्व्हजवळ (हवा भरायच्या तोंडाजवळ) लावून सुरुवात करायची, समोरची कड गुडघ्यानं रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून ठेवायची. चढवताना शेवटचा घास वॉल्व्हपाशीच यावा. हे उलटं केलं की टायर ताणला जातो, माणूस लिव्हरला जोर देतो आणि नवी ट्यूब तिथंच चिमटते.

केबल. क्लचची केबल बहुतेक वेळा लिव्हरच्या टोकाला, निपलजवळ (तारेच्या टोकाची धातूची गाठ), एकेक तार तुटत जाते. रबरी टोपी मागं सारून महिन्यातून एकदा बघा. एक तार जरी फुललेली दिसली तरी केबल बदला. सुटी केबल पिशवीत ठेवण्यापेक्षा जुन्या केबलच्या शेजारून आधीच ओढून, दोन्ही टोकं ग्रीस लावून टेपनं बंद करून ठेवावी. घाटात टाकी उचलायची वेळ येत नाही. ॲक्सिलेटरच्या तुटलेल्या तारेला वायरिंगच्या पट्टी-कनेक्टरमधला पितळी तुकडा निपल म्हणून चालतो. क्लचला तो टिकत नाही. ताण जास्त, तार निसटते.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ गाड्यांत जास्तीच्या प्लगपेक्षा फ्यूज महत्त्वाचे. आपल्या फ्यूज बॉक्सची झाकणं उघडून आकार आणि अँपिअर लिहून ठेवा, प्रत्येकी दोन घ्या. १० च्या जागी २० घालून वायरिंग जाळू नका. पावसात साइड स्टँडच्या स्विचमध्ये तांबडा चिखल बसतो आणि गिअर टाकला की इंजिन बंद पडतं. आधी पाण्यानं धुऊन बघा, मग सीटखाली हात घाला. साध्या इन्सुलेशन टेपचा चिकटपणा पावसात सुटतो. त्या जागी स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन टेप आली आहे.

वगळलेलं : स्लाईड पाना (नटाचे कोपरे गोल करतो), मोठी हातोडी, ५२० मापाच्या चेनचं लॉक (तुटलेली चेन जोडायची कडी). शेवटच्यावर आमच्यात वाद आहे. पण चेन तुटल्यावर मोडकी कडी काढायला चेन ब्रेकर लागतो. तो नसेल तर लॉक नुसतं शोभेचं. दोन्ही न्या किंवा चेन वेळेवर बदला. लॉक नेणार असाल तर ५२० आणि ५२५ चा पिच (दोन पिनांमधलं अंतर) एकच असला तरी रुंदी वेगळी, त्यामुळं एकाचं दुसऱ्याला बसत नाही. लॉकवरच्या क्लिपचं बंद तोंड चेन पळते त्या दिशेला.

भर : एम६ (६ मिमी) चे तीन आणि एम८ चे दोन बोल्ट नायलॉक (हादऱ्यानं सैल न होणाऱ्या) नटासकट, झिप टाय, हातभर बाइंडिंग वायर, एमसील. सगळं सायकलच्या जुन्या ट्यूबच्या तुकड्यांत गुंडाळा, नाहीतर पाने एकमेकांवर घासून कॅनव्हास फाडतात. गुंडाळी गाडीवर खाली बांधा. पाठीवरच्या सॅकमध्ये लोखंड नको, पडल्यावर ते मणक्यात बसतं.

बाकी काम : हवेच्या छोट्या मशीनला बॅटरीवरून थेट, १५ अँपिअर फ्यूज असलेली वायर काढायची आहे. हँडलवरच्या यूएसबी सॉकेटवर ते चालत नाही. मशीनवरचा अँपिअरचा आकडा बघूनच वायरची जाडी ठरवणार. तोवर पायपंप.