एकच गुरू का नाही?

मी ब्राझिलियन जिउ-जित्सू, म्हणजे जमिनीवर पकडी लावून लढायची कुस्ती, शिकते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "इकडचं थोडं, तिकडचं थोडं, असं जिउ-जित्सू येतं का कधी?" बोटांना टेप गुंडाळताना विचारता, बेल्ट बांधताना विचारता. परवा तर एकाने मला माउंटखाली, म्हणजे अंगावर बसून, दाबून ठेवून विचारलं. तेव्हा उत्तर द्यायला श्वास नव्हता.

हो, मी तिघांकडे शिकले. हो, पहिल्या सरांना न सांगता दुसरीकडे जायला लागले. ब्राझीलमध्ये अशांना 'क्रेओंते' म्हणतात. तिथे हा खेळ रुजवणाऱ्या ग्रेसी घराण्यातल्या कार्लसन ग्रेसीने एका टीव्ही मालिकेतल्या पात्राचं हे नाव गट बदलणाऱ्यांना चिकटवलं. मला ते तोंडावर दोनदा ऐकवलं गेलंय. तिसऱ्यांदा नको.

पहिले सर म्हणजे गी (जाड सुती पोशाख), ग्रिप आणि दाब. एकच पास (खालच्याच्या पायांचा अडसर, म्हणजे गार्ड, ओलांडणं), महिनाभर, उजवीकडून आणि मग डावीकडून. लेगलॉक, म्हणजे पाय धरून पिळायचे डाव, मात्र नाहीत. "गार्ड पास करता येत नाही, तो पाय धरतो," असं म्हणायचे. हा तुच्छभाव काही त्यांचा एकट्याचा नव्हे. १९५० च्या दशकात रिओच्या उपनगरातल्या ओस्वाल्दो फाद्दाच्या विद्यार्थ्यांनी फूटलॉक लावून ग्रेसी अकादमीच्या मुलांना हरवलं, तर बक्षीस काय मिळालं? 'सापातेइरो', म्हणजे चांभार, हे नाव! आपल्याकडेही कामाच्या नावाने हिणवायची खोड आहेच, त्यामुळे ही गोष्ट ऐकली तेव्हा मला नवल वाटलं नाही.

तर एका ओपन मॅटला, म्हणजे सगळ्यांसाठी खुल्या सरावाला, बाहेरून एक पाहुणी आली. माझ्याहून हलकी, कमरेला व्हाइट बेल्ट. मी ब्लू, म्हणजे एक पायरी वर. बाकीचे भिंतीला टेकून बघत होते. मी उभी राहून तिचा गार्ड उघडला, तेवढ्यात ती माझ्या पायांखाली सरकली, माझी मांडी तिच्या पायांत अडकली आणि टाच तिच्या कोपराच्या बेचक्यात गेली. दुखत काहीच नव्हतं. हे मी अजून कुणाला पटवू शकलेले नाही. चोकमध्ये जीव घुसमटतो, आर्मबारमध्ये कोपर ओरडतं. हील हुकमध्ये, म्हणजे या टाचेच्या पकडीत, टाच फिरते आणि भोगतो गुडघा, तोही दुखण्याची पूर्वसूचना न देता. ती थांबून माझ्याकडे बघत होती. आता कळतं की ती टॅपची, म्हणजे मी हात आपटून हार मानण्याची, वाट बघत होती. मी तिच्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, आणि जोर लावून वळले. उलट्या दिशेला. ओलं फडकं फाडल्यासारखा आवाज आला. आवाज येताच तिने टाच सोडली. तिला काही पिळावंच लागलं नाही, माझं मीच केलं.

सर बर्फ घेऊन आले आणि म्हणाले, "टॅप का नाही केलंस?"

या एका वाक्यावर मी दोन वर्षं धुमसले. तुम्ही शिकवलंच नाहीत, तर मला कळणार कसं? आता त्यांची बाजूही सांगायला हवी. आयबीजेजेएफ या या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत गी घालून हील हुक आजही कुठल्याच बेल्टला चालत नाही. नो-गीत, म्हणजे गी न घालता, २०२१ पासून चालतो, तोही फक्त ब्राउन आणि ब्लॅक बेल्टच्या प्रौढांना. त्यांना तो शिकवायचं कारणच नव्हतं. पण पाहुण्यांसाठी दार उघडं ठेवलं होतं ना? मग निदान ओळख तरी करून द्यायची!

हा भाग मी नेहमी सांगते. गाळते तो पुढचा. अगदी पहिल्या दिवशी सर म्हणाले होते, "कुठे अडकलोय ते कळत नसेल तर दुखायची वाट बघायची नाही. टॅप." शंभरदा तरी म्हणाले असतील. मी टॅप केला नाही, कारण समोर व्हाइट बेल्ट होता आणि भिंतीला टेकून लोक बघत होते. एवढंच. मग दुसरीकडे गेले ती शिकायला की सरांना चुकीचं ठरवायला? त्या वेळी विचारलं असतंत तर छातीठोकपणे 'शिकायला' म्हणाले असते. आज तेवढी खात्री नाही.

गुडघ्याच्या दुखापतीतून ब्राझीलच्या रोबेर्तो 'गोर्दो' कोरेयाने हाफ गार्डला (खाली पडून समोरच्याचा एकच पाय अडकवायच्या स्थितीला) लढण्याची जागा करून टाकलं. माझ्या दुखापतीतून फक्त जिना उतरताना कठडा धरायची सवय निघाली.

तिसरे सर तंत्र दाखवतच नाहीत. "ती छातीला छाती लावायला बघेल, तू लावू द्यायची नाहीस. दोन मिनिटं." झाला तास! महिनाभर वाटत होतं की हा माणूस शिकवायचे पैसे घेतो आणि शिकवत नाही. मग एकदा माझा पाय मी न सांगता योग्य जागी गेला. कसा, ते मला समजावता येणार नाही. पहिल्या सरांचा पास मात्र झोपेतून उठवलंत तरी पायरी-पायरीने सांगेन. यातलं खरं येणं कुठलं, ते तुम्हीच ठरवा.

दुसऱ्या सरांकडे अजून जाते. लेगलॉक तेच शिकवतात. हल्ली कुणी टाच नुसती धरली तरी माझा हात आपोआप टॅप करतो. परवा ते वैतागले, "अगं, अजून जागा होती! टाच नीट पकडीत आलेलीच नाही, तर घाबरून कसं चालेल?" बरोबरच होतं त्यांचं. मी मान हलवली आणि पाय पुन्हा त्यांच्या हातात दिला.