तुम्ही विचारलंत म्हणून: फॉर्म भरूनच येतो, मग तुम्ही करता काय?

जूनच्या मध्याला कंपन्यांकडून फॉर्म १६ (वर्षाचा पगार आणि त्यातून कापलेला कर यांचा दाखला) यायला लागले की मला हा प्रश्न ठरलेला. "आता आयकर रिटर्नच्या पोर्टलवर सगळं आधीच भरून येतं. पगार येतो, बँकेचं व्याज येतं, आधीच कापलेला कर, म्हणजे टीडीएस, येतो. मग करसल्लागार म्हणून तुम्ही नेमकं करता काय?" फी कशाची घेता, हे कुणी तोंडावर विचारत नाही, पण ते मला ऐकू येतं.

खरं उत्तर देते. तुमच्यातल्या बऱ्याच जणांसाठी मी काहीच करत नाही, आणि त्यांनी माझ्याकडे येऊही नये. एकच नोकरी, एखादं घर, बँकेतल्या ठेवींचं व्याज आणि एकूण उत्पन्न ५० लाखांच्या आत, एवढंच असेल तर आयटीआर-१, म्हणजे साध्या उत्पन्नासाठीचा रिटर्नचा फॉर्म, तुमचा तुम्ही भरू शकता. आयकर विभागाच्या पोर्टलवर रिटर्न भरायला एक पैसा लागत नाही. जुनी करप्रणाली (वजावटी जास्त) बरी की नवी (दर कमी, वजावटी मोजक्या), याची तुलनाही तिथे करून मिळते. एक लक्षात ठेवा, जुन्या प्रणालीतल्या वजावटी तुम्ही भरल्याच नाहीत तर ती तुलना नव्याच्या बाजूने झुकणारच. ऑफिसात पुरावे वेळेत दिले नाहीत म्हणून घरभाड्याची सूट गेली, असं समजून बसू नका. जुनी प्रणाली घेणार असाल आणि भाडं खरोखर भरलेलं असेल, तर ती रिटर्नमध्ये मागता येते. पण मुदतीच्या आत. धंद्याचं उत्पन्न नसेल तर दरवर्षी नवी-जुनी बदलता येते खरी, पण रिटर्न उशिरा भरलं की तो पर्याय जातो आणि नवी प्रणालीच गळ्यात पडते.

आता उरलेल्यांसाठी. भरून आलेला फॉर्म म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. तो तुमचा हिशेब नसतो. दुसऱ्यांनी तुमच्याबद्दल सरकारला जे कळवलं, त्याची ती बेरीज असते. तुमच्या कंपनीने टीडीएसचं विवरण भरलं, बँकेने व्याज कळवलं, म्युच्युअल फंडाने विक्री कळवली, निबंधक कार्यालयाने फ्लॅटचा व्यवहार कळवला. हे सगळं वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, जमा होतं. नोव्हेंबर २०२१ पासून ते पोर्टलवर आहे. त्याआधी आपल्याला फक्त २६एएस माहीत होता, आणि त्यात मुख्यतः कापलेला कर दिसायचा. एआयएस ही चांगली सोय आहे, मी रोज वापरते. पण जे कुणी कळवलंच नाही ते तिथे नसतं, आणि जे चुकीचं कळवलं ते तसंच्या तसं तिथे असतं.

म्हणून माझं काम मुख्यतः प्रश्न विचारण्याचं. गावाकडे शेती आहे का? ती कुणाच्या नावावर? अडत्याच्या पट्ट्या, म्हणजे माल विकल्याच्या पावत्या, ठेवल्यात का? लोक म्हणतात, शेतीचं उत्पन्न करमुक्त, ते कशाला सांगायचं. करमुक्त आहे, पण ५,००० रुपयांच्या वर गेलं की आयटीआर-१ चालत नाही. आणि तुमचं बाकीचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल, तर कराचा दर ठरवताना शेतीचा आकडाही धरला जातो. शेतीवर कर लागत नाही, पण पगारावरचा वाढू शकतो. हे कुठल्याही एआयएसमध्ये येत नाही. तसंच पतसंस्थेचं. अनेक छोट्या पतसंस्था सभासदांच्या ठेवींवर टीडीएस कापत नाहीत, आणि ते व्याज बऱ्याचदा एआयएसमध्ये नसतं. दिसत नाही म्हणजे करपात्र नाही, असा अर्थ लोक काढतात. तो कायद्यात कुठेही नाही.

उलटही होतं. आईच्या पैशांची ठेव, सोय म्हणून पहिलं नाव मुलाचं. बँक सगळं व्याज मुलाच्या पॅनवर कळवते. एआयएसमध्ये प्रत्येक नोंदीसमोर अभिप्राय द्यायची सोय आहे: ही माहिती माझी नाही, दुसऱ्या पॅनची आहे, दोनदा आली आहे. ती वापरा. आणि पुढच्या वर्षीपासून ठेवीवरचं पहिलं नाव बदला, ते जास्त सोपं.

ठेवींवरून दुसरा नेहमीचा गोंधळ. "बँकेने टीडीएस कापलाय ना, मग माझा कर भरून झाला." बँक साधारण १० टक्के कापते. तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उरलेले २० टक्के कोण भरणार? एप्रिल २०२५ पासून तर बँकेतलं व्याज वर्षाला ५०,०००च्या वर गेल्याशिवाय टीडीएस कापतच नाहीत, ज्येष्ठ नागरिकांना ही मर्यादा एक लाख आहे. ही मर्यादा बँकेने कधी कापायचं यासाठी आहे, तेवढं व्याज माफ आहे म्हणून नव्हे.

वर्षाच्या मध्ये नोकरी बदललेले लोक आले की मी आधी पाणी देते, मग आकडा सांगते. समजा, करप्रणाली नवी, आणि आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये सहा महिने एका कंपनीत, सहा महिने दुसऱ्या कंपनीत, दोन्हीकडे आठ-आठ लाख पगार. पहिल्या कंपनीने जाताना शेवटचा हिशेब आठ लाखांवर केला, दुसरीला तुम्ही जुना पगार सांगितलाच नाही. दोघांनीही स्वतंत्रपणे ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट दिली, उत्पन्न सव्वासात लाख धरलं, १२ लाखांच्या आत म्हणून कलम ८७एची सवलत (ठरावीक मर्यादेपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर माफ करणारी) लावली आणि कर शून्य काढला. रिटर्न मात्र दोन्ही पगार एकत्र धरतं. सोळा लाखांतून ७५,००० एकदाच वजा, उरले सव्वापंधरा लाख. त्यावर कर १,०८,७५०, चार टक्के उपकर धरून १,१३,१००. वर आगाऊ कर न भरल्याचं व्याज वेगळं. इथे लोक म्हणतात, सॉफ्टवेअर चुकलं. काही जण तर दुसरा फॉर्म १६ काढून टाकतात आणि आकडा शून्य झाला की खूश होतात. सॉफ्टवेअर बरोबर असतं. नव्या कंपनीत रुजू होतानाच जुना पगार लेखी कळवला असता, तर हाच कर दरमहा कापला गेला असता.

पण सॉफ्टवेअर नेहमीच बरोबर असतं, असंही मी म्हणणार नाही. विभागाचं सॉफ्टवेअरसुद्धा. २०२४ सालचं उदाहरण आहे. आर्थिक वर्ष २०२३-२४ साठी नव्या प्रणालीत सात लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना ८७एची सवलत होती. शेअर घेऊन थोड्याच काळात विकले तर होणारा नफा, म्हणजे अल्पकालीन भांडवली नफा, वेगळ्या दराने करपात्र असतो. त्या करावरही ही सवलत मिळते का, हा वाद होता. जूनमध्ये रिटर्न भरणाऱ्यांना विभागाच्या युटिलिटीने, म्हणजे रिटर्न भरायच्या सॉफ्टवेअरने, ती दिली. ५ जुलै २०२४ ला युटिलिटी बदलली आणि त्यानंतर तोच दावा करायची जागाच उरली नाही. कायद्यातला शब्द तोच, उत्पन्न तेच, फरक फक्त तारखेचा. करसल्लागारांची एक संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली. डिसेंबरमध्ये न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर उशिराच्या आणि सुधारित रिटर्नची मुदत १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढली, आणि जानेवारीतल्या निकालात न्यायालयाने सांगितलं की करदात्याला दावा करता आला पाहिजे, युटिलिटीने तो आधीच अडवता कामा नये. सवलत मिळते की नाही, याचा निवाडा न्यायालयाने तिथे केला नाही. दावा मान्य करायचा की नाही ते पुढे अधिकाऱ्याने ठरवावं, पण मांडायचा हक्क फॉर्मने काढून घेऊ नये, एवढाच तो मुद्दा. मला हा निकाल फार आवडतो. कायदा कुणीतरी वाचतो, त्याला जो अर्थ लागतो तो कोडमध्ये जातो, आणि तुमच्या पडद्यावर तो अर्थ गणितासारखा ठाम दिसतो.

पुढे हा प्रश्न सरकारने कायदा बदलूनच मिटवला. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत अशा वेगळ्या, विशेष दराच्या करावर ही सवलत नाही. म्हणजे वजावटीनंतर पगार नऊ लाख आणि शेअर बाजारात नोंदलेल्या शेअरवरचा अल्पकालीन नफा एक लाख असेल, तर पगारावरचा कर शून्य होईल, पण नफ्यावर २० टक्क्यांनी २०,००० आणि उपकर ८०० भरावे लागतील. "बारा लाखांपर्यंत कर नाही" एवढीच बातमी वाचलेल्यांना हे पटवणं हे माझं या मोसमातलं सर्वांत अवघड काम आहे.

जाता जाता: १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला असला, तरी २०२५-२६ च्या उत्पन्नाला १९६१ चाच कायदा लागतो. कलमांचे जुने आकडे एवढ्यात विसरू नका.

खासगी सॉफ्टवेअर घ्यावं का, असंही विचारता. शेअरचे व्यवहार भरपूर असतील तर घ्या, ब्रोकरचा अहवाल थेट ओढून घेण्यात वेळ वाचतो. नुसत्या पगारासाठी कशाला? परदेशी कंपनीचे शेअर मिळाले असतील तर मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरवर विसंबू नका. ते तुम्हाला आयटीआर-१ मध्ये दाखवता येत नाहीत, परदेशी मालमत्तेची वेगळी अनुसूची भरावी लागते, आणि ती आर्थिक वर्षाची नसून कॅलेंडर वर्षाची असते. जानेवारी ते डिसेंबर. बहुतेक जण इथे मार्चअखेरचा आकडा घेऊन येतात.

आणि "अमक्याने जास्त रिफंड काढून दिला, तुम्ही का नाही?" रिफंड म्हणजे तुमचेच जास्तीचे कापलेले पैसे. ते जेवढे आहेत तेवढेच परत येतात. जो रिफंडच्या टक्क्यांवर फी मागतो, तो तुमच्या नावावर न दिलेली देणगी, न घेतलेला विमा किंवा न भरलेलं भाडं लिहिणार, हे गृहीत धरा. कर निर्धारण वर्ष २०२५-२६ च्या (म्हणजे २०२४-२५ च्या उत्पन्नाच्या) फॉर्मपासून वजावटींचा तपशीलही द्यावा लागतो, पॉलिसी क्रमांकासकट. खोटी माहिती देऊन कर कमी दाखवला असं ठरलं, तर दंड त्या कराच्या दुप्पट, आणि नोटीस एजंटला नाही, तुम्हाला येते. रिटर्नच्या शेवटी "माझ्या माहितीप्रमाणे हे खरं आणि पूर्ण आहे" असं जे प्रमाणित करायचं असतं, ते कुणाच्या नावाने असतं ते एकदा वाचून पाहा.

तारखांचं थोडक्यात. पगारदारांची कायद्यातली मुदत ३१ जुलै. २०२५ मध्ये ती वाढत वाढत १६ सप्टेंबरपर्यंत गेली, त्यामुळे वाढेलच या भरवशावर बसणारे वाढले. वाढली नाही तर ५,००० रुपये विलंब शुल्क (उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर १,०००), आणि कर भरायचा उरला असेल तर महिना एक टक्का व्याज. घाई मात्र जूनच्या पंधरा तारखेआधी करू नका. कंपन्या आणि बँका शेवटच्या तिमाहीचं टीडीएस विवरण ३१ मेपर्यंत भरतात. त्याआधी २६एएस अर्धवट असतो, आणि अर्धवट आकड्यांवर भरलेलं रिटर्न मग सुधारत बसावं लागतं.

रिटर्न सबमिट केल्यावर ३० दिवसांत पडताळणी करायची. आधारच्या ओटीपीने दोन मिनिटांत होते. न केलेलं रिटर्न अवैध ठरतं, म्हणजे भरलंच नाही असं धरतात. पोचपावती हातात घेऊन रिफंडची वाट पाहणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचं घोडं इथेच अडलेलं असतं. बाकीच्यांचं बँक खातं पोर्टलवर प्रमाणित केलेलं नसतं.

शेवटी एक विनंती, माझ्याकडून रिटर्न भरून घेणाऱ्यांनाही. आज पोर्टलवर स्वतः लॉगिन करा आणि प्रोफाइलमध्ये मोबाइल आणि ईमेल कुणाचा आहे ते पाहा. कितीतरी खात्यांत तो आधीच्या एजंटचा असतो. विभागाची नोटीस, थकबाकीची डिमांड, रिफंड अडल्याचा निरोप, सगळं त्याच्याकडे जातं, आणि त्याने नंबर बदलला असेल तर कुणाकडेच जात नाही. पासवर्ड आठवत नसेल तर आधारच्या ओटीपीने नवा करता येतो, त्यासाठी आधारला तुमचा चालू मोबाइल जोडलेला हवा. एवढं झालं की मग एआयएस उतरवून घ्या, आणि त्यात जे नाही त्याची यादी करून या.