कुपवाडच्या शेडमधलं केसिन

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या शेडकडे बघून लोकांना वाटतं, आम्ही दुधाचं काहीतरी करतो. ते खोटं नाही. कच्चा माल केसिनच, म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन. पण आम्ही विकतो ती सक्सिनिल केसिनची पावडर. प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमची ताकद मोजायला कारखाने आणि प्रयोगशाळा ती वापरतात.

सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजला शिकताना लायसिनचा, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या एका कडीचा, अमिनो गट (नायट्रोजन-हायड्रोजनचा तुकडा) परीक्षेपुरता पाठ केला होता. आता त्याच्यावरच घर चालतं. साध्या पाण्यात या गटावर एक धनप्रभार असतो. सक्सिनिक अनहायड्राइड हे रसायन तिथे जोडलं की धनप्रभार जातो, आणि जोडलेल्या तुकड्याच्या टोकाला आम्लाचा ऋणप्रभार येतो. जागा एक, फरक दोनाचा. केसिनमधल्या अल्फा-एस-1 या प्रथिनात 14 लायसिन आहेत. सगळे झाकले तर प्रभार 28 ने उतरतो. अॅसेटिक अनहायड्राइड वापरलं असतं तर नुसता धन गेला असता, म्हणजे 14 नेच.

आईला हे समजावं म्हणून एकदा दोन ग्लास मांडले. एकात साधं केसिन विरघळवलेलं, दुसऱ्यात आमचं. थेंब थेंब आम्ल सोडलं. आंबटपणाचं माप म्हणजे पीएच; तो 4.6 च्या आसपास आला की साध्या केसिनचे धन-ऋण समसमान होतात, तिथे पहिला ग्लास फाटला. दुसरा नितळच. "हे नासतच नाही की रे!" आई म्हणाली. नासतं, पण त्याला आणखी आंबट करावं लागतं.

पहिली मोठी ऑर्डर मात्र परत आली. टीएनबीएस हे रसायन मोकळ्या अमिनो गटाशी पिवळा रंग देतं. एन्झाइमने केसिन तोडलं की नवे अमिनो गट उघडे पडतात, आणि तो पिवळेपणा मोजायचा असतो. आमची पावडर एन्झाइम घालण्याआधीच पिवळी होत होती. आधी केसिनला दोष दिला, मग वजनकाट्याला. तिसऱ्या रात्री बायकोने बफरची, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाची, बाटली माझ्यासमोर ठेवली. ट्रिस! ट्रिसला स्वतःचाच अमिनो गट असतो. निम्मं अनहायड्राइड त्यानेच खाल्लं होतं, आणि केसिनचे अमिनो गट मोकळेच राहिले होते. ग्राहकाचे पैसे परत केले. तेव्हापासून शेडमध्ये या कामाला फक्त फॉस्फेट बफर.

अनहायड्राइड आम्ही चिमूट चिमूट घालतो. प्रत्येक चिमटीला आम्ल सुटतं आणि पीएच घसरतो, म्हणून कॉस्टिक सोड्याचे थेंब देत तो 8 ते 8.5 मध्ये धरायचा. त्या दोन-तीन तासांत मीटरवरची नजर काढायची नाही, फोन वाजला तरी.

2019 च्या महापुरात गावभागातलं घर पाण्यात गेलं. शेड वाचला, माल वाचला.

ट्रिप्सिन तपासणाऱ्यांना आम्ही विक्रीआधीच सांगतो: हे एन्झाइम प्रथिनाची साखळी लायसिन आणि आर्जिनिन या दोन कड्यांपाशी तोडतं, आणि आमचं लायसिन झाकलेलं आहे, त्यामुळे आर्जिनिनपाशीच तुटेल. यात एखादी ऑर्डर जाते. गेली तरी चालेल.

सध्या एका ग्राहकाला अमिनो गट झाकलेले हवेत, पण धनप्रभार तसाच राहायला हवा आहे. त्यासाठी फॉर्माल्डिहाइडने मिथिल गट चढवून पाहतोय. त्यात नायट्रोजनचा धनप्रभार टिकतो. चार बॅच झाल्या. टीएनबीएसचा पिवळेपणा अजून हवा तितका उतरलेला नाही.