बिब्लिओथेक आणि डांबरगोळ्या

मावसबहीण स्टॉकहोमहून आली तेव्हा माझ्यासाठी एक छोटीशी शिशी घेऊन आली, बायरेडो या स्वीडिश परफ्यूम कंपनीचं बिब्लिओथेक, फ्रेंचमध्ये ग्रंथालय. हा वास आधी मेणबत्तीत होता, परफ्यूम नंतर आलं. "लहानपणी पुस्तकात नाक खुपसून बसायचीस ना, मग हे तुझंच," म्हणाली.

मनगटावर लावलं तर आधी पीच आणि प्लमचा गोडवा, मग थोडं व्हायोलेट, आणि बऱ्याच वेळाने खालून चामडं, पॅचुली, व्हॅनिला असं हळूहळू वर आलं. खूप सुंदर आहे, खरंच, दुसऱ्या दिवशी ओढणीला पण वास येत होता. डोळ्यांपुढे येतात ती चामडी बांधणीची पुस्तकं आणि पॉलिश केलेली लाकडी कपाटं, एखाद्या श्रीमंत घरातली. पण मी शोधत होते तो कागद काही मला सापडला नाही.

कारण जुन्या पुस्तकाचा वास म्हणजे कागद झिजतानाचा वास. लाकडाच्या लगद्याच्या कागदात लिग्निन असतं, लाकडाला घट्टपणा देणारं द्रव्य, ते वर्षानुवर्षं मोडत जातं आणि त्यातून व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाला वास देणारं द्रव्य, सुटतं, म्हणून तो गोडसर वास. कागदाचे तंतू ज्याचे असतात ते सेल्युलोज मोडलं की फरफ्युरल सुटतं, बदामासारख्या वासाचं, आणि आंबूस वास असतो तो अॅसेटिक अॅसिडचा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या मातिया स्ट्रलिच यांच्या टीमने 2009 मध्ये 72 जुन्या कागदांचे वास तपासले, पुस्तकाला हात न लावता नुसत्या वासावरून कागद किती खराब झालाय ते कळावं म्हणून. पुढे त्यांनी बर्मिंगहॅमच्या म्युझियममध्ये लोकांना जुन्या पुस्तकाचा वास नाव न सांगता हुंगायला दिला, तर सगळ्यात जास्त लोक म्हणाले चॉकलेट! मला हे वाचून इतका आनंद झाला, कारण मला पण तस्साच यायचा.

आमच्या गावच्या वाचनालयात मात्र चॉकलेटच्या आधी डांबरगोळी यायची. लोखंडी कपाटाचं दार कुरकुरत उघडलं की भस्सकन अंगावर. मग खळीचा वास, कारण फाटलेल्या पुस्तकांना वाचनालयातले काका स्वतः पुठ्ठा चढवायचे आणि पाठीला खाकी कापडाची पट्टी लावायचे, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ह्या सगळ्यावर ओल, कुबट, भिंतीतून उतरलेली. वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला लाकडी घोड्यावर चढायचं, पुस्तक मधोमध उघडायचं, शिवणीच्या अगदी जवळ नाक न्यायचं, तिथे वास सगळ्यात दाट असतो. एकदा त्या शिवणीतून चंदेरी कसर सुळकन पळाली होती, तरी मी पुस्तक सोडलं नव्हतं.

आणि मला सारखं वाटतं की ह्या वाचनालयाच्या वासाचं परफ्यूम बायरेडोच करू शकेल. 2006 मध्ये ती कंपनी काढणाऱ्या बेन गोरहॅमची आई भारतीय, चेंबूरची, आणि त्याने आँसां चेंबूर नावाचं परफ्यूम केलंय, उदबत्तीच्या धुरावरचं. ज्याला चेंबूरचा धूर बाटलीत घालावासा वाटला त्याने एकदा ऐन पावसाळ्यात इथल्या एखाद्या जुन्या वाचनालयात येऊन कपाट उघडावं ना. डांबरगोळी, खळ, ओल, आणि तळाशी तो पिवळा कागद. मी पैसे साठवून घेईन.