केंटकी सहावे की मिझुरी: बरोबरी सोडवणाऱ्या प्रोग्रामची तिसरी नोंद

गुणतक्त्यात सारखेच विजय-पराभव असलेल्या संघांचा क्रम लावणारा एक प्रोग्राम मी लिहीत आहे. मागच्या नोंदीच्या वेळी त्यातला दोन संघांमधली बरोबरी सोडवणारा भाग चालू झाला होता. या खेपेस तीन किंवा अधिक संघांचा भाग लिहिला आणि तो तपासण्यासाठी अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमधल्या साउथईस्टर्न कॉन्फरन्स या संघगटाचा, म्हणजे एसईसीचा, २०२४-२५ चा पुरुषांचा हंगाम घेतला. सोळा संघ, प्रत्येकाचे अठरा कॉन्फरन्स सामने; त्यामुळे प्रत्येक संघाची तीन प्रतिस्पर्ध्यांशी दोनदा आणि उरलेल्या बारांशी एकदाच गाठ पडते. एकाच सामन्यावर परस्पर हिशेब ठरत असल्यामुळे अ ने ब ला, ब ने क ला आणि क ने पुन्हा अ ला हरवण्याचा प्रसंग अशा वेळापत्रकात सहज उद्भवतो. क्रिकेटमुळे आपल्याला अशा वेळी निव्वळ धावगतीकडे पाहण्याची सवय आहे, परंतु येथे किती गुणांनी जिंकले याला काहीच किंमत नाही.

त्या हंगामात केंटकी, मिझुरी आणि ओल मिस हे तिन्ही संघ १०-८ वर, म्हणजे दहा विजय आणि आठ पराभवांवर, थांबले. केंटकीने मिझुरीला, मिझुरीने ओल मिसला आणि ओल मिसने केंटकीला हरवले होते. म्हणजे आपापसांतली कामगिरी तिघांचीही १-१. नियमाप्रमाणे मग गुणतक्त्यातल्या सर्वांत वरच्या संघाविरुद्धची कामगिरी पाहायची आणि फरक सापडेपर्यंत एकेक पायरी खाली उतरायचे. अव्वल ऑबर्नला तिघांपैकी कोणीही हरवले नव्हते. दुसऱ्या क्रमांकावरच्या फ्लोरिडाला मात्र केंटकीने १०६-१०० असे आणि मिझुरीने ८३-८२ असे नमवले होते, तर ओल मिस शेवटच्या सामन्यात फ्लोरिडाकडून हरले होते. त्यामुळे हंगामाअखेरच्या कॉन्फरन्स स्पर्धेसाठीच्या क्रमात ओल मिस आठव्या मानांकनावर घसरले. येथपर्यंत माझे उत्तर बरोबर होते.

त्यानंतर प्रोग्रामने मिझुरीला सहावे आणि केंटकीला सातवे ठरवले. प्रत्यक्षात मानांकन नेमके उलटे होते. दोन संध्याकाळी मी सामन्यांच्या यादीतच चूक शोधत बसलो, कारण नियम आपल्याला पाठ आहेत असा माझा समज होता. चूक यादीत नव्हती. ओल मिस बाहेर पडल्यावर उरलेल्या दोघांना घेऊन प्रोग्राम फ्लोरिडाच्या खालच्या पायरीवर, म्हणजे अलाबामावर, गेला होता. मिझुरीने अलाबामाला हरवले होते आणि केंटकी त्यांच्याकडून दोन्ही वेळा हरले होते, म्हणून मिझुरी वर आले. परंतु बरोबरी दोन संघांवर आली की दोन संघांचा नियम पहिल्या कलमापासून लावावा लागतो, आणि ते कलम परस्पर लढतीचे आहे. ती लढत केंटकीने जिंकली होती. दुरुस्ती एका ओळीची निघाली: पुढच्या पायरीवर जाण्याऐवजी उरलेले संघ त्याच फंक्शनला पुन्हा सुरुवातीपासून द्यायचे.

दुसरी चूक याच तिघांच्या आड लपली होती आणि ती मला अधिक अस्वस्थ करते. मी विजयांतून पराभव वजा करून तुलना करत होतो. केंटकी आणि मिझुरी ऑबर्नशी एकेकदाच खेळले होते, तर ओल मिस दोनदा. वजाबाकीने ०-२ हे ०-१ पेक्षा वाईट ठरते आणि ओल मिस ऑबर्नच्या पायरीवरच गळते. विजयाच्या टक्केवारीने पाहिले तर दोन्ही शून्यच आहेत आणि निकाल फ्लोरिडापर्यंत लांबतो. ओल मिस दोन्ही वाटांनी आठवेच येत असल्यामुळे चाचणी उत्तीर्ण झाली आणि चूक तशीच राहिली. आता १-० आणि २-० समान धरले जातात की नाही, हे पाहणारी एक काल्पनिक गुणतक्त्याची चाचणी वेगळी जोडली आहे.

गंमत अशी की ज्या चौघांच्या बरोबरीची मला धास्ती होती, ती एका पायरीत सुटली. आर्कान्सा, मिसिसिपी स्टेट, जॉर्जिया आणि व्हँडरबिल्ट हे चौघेही ८-१० वर होते, पण आर्कान्साने उरलेल्या तिघांना, मिसिसिपी स्टेटने दोघांना आणि जॉर्जियाने एकाला हरवले होते; नववा ते बारावा क्रम सरळ लागला.

क्रमाचा परिणाम काय होतो, हेही नॅशव्हिलमधल्या त्या कॉन्फरन्स स्पर्धेत पाहण्यासारखे होते. पाचव्या ते आठव्या मानांकनाला एकाच फेरीचा बाय, म्हणजे ती फेरी न खेळता पुढे जाण्याची सवलत, असल्यामुळे आपल्या तिघांचा विश्रांतीचा दिवस सारखाच होता, मात्र उपांत्यपूर्व फेरीत केंटकीच्या वाट्याला अलाबामा, मिझुरीच्या वाट्याला फ्लोरिडा आणि ओल मिसच्या वाट्याला पुन्हा ऑबर्न आले. तिघेही तेथेच हरले.

पुढचे काम बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्सचे आहे. २०२५ मध्ये तेथे अठरापैकी पंधराच संघांना स्पर्धेत प्रवेश होता, त्यामुळे तळाची बरोबरी थेट घरी बसवू शकत होती. पायऱ्या उतरताना खाली बरोबरीत असलेले संघ लागले, तर त्यांची बरोबरी आधी न सोडवता सगळ्यांविरुद्धची एकत्रित कामगिरी धरायची, असा तेथील नियम आहे. माझे फंक्शन मात्र प्रत्येक पायरीवर एकच संघ गृहीत धरते, तेव्हा तक्त्याची रचना संघांच्या यादीऐवजी गटांच्या यादीत बदलायला घेतली आहे. सध्या एसईसीच्या सर्व चाचण्या उत्तीर्ण होतात, बिग टेनची एकही नाही.