वसईच्या थडग्यांवरची अक्षरं आणि डॉ. गर्सन दा कुन्हा

वसई किल्ल्याबद्दल जे काही लिहिलं जातं ते बहुतेक १७३९ च्या मे महिन्याशी, म्हणजे मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून जिंकला तिथे, येऊन थांबतं. चिमाजी अप्पा, सुरुंग, तह, चर्चमधून देवळांत गेलेल्या घंटा. ते लिहायलाच हवं. पण किल्ल्यातल्या चर्चमध्ये शिरल्यावर आपण नेमके कशावर उभे असतो, हे कुणी सांगत नाही. फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती साधूंच्या संघाच्या चर्चची, म्हणजे संत अंतोनीच्या चर्चची फरसबंदी थडग्यांच्या शिळांची आहे. छप्पर कधीच गेलं, भिंतींचा गिलावा गेला, पण माणसांची नावं अजून जमिनीवर आहेत. आणि लोक त्यांवर बूट घालून फिरतात, डबे उघडून बसतात, लग्नाआधीच्या फोटोंसाठी झगमगीत कपड्यांत आडवे होतात. फोटोला माझी हरकत नाही. कॅमेऱ्याच्या तिकाटण्याचे लोखंडी पाय अक्षरांवर रोवले जातात, त्याला आहे.

ही नावं एकोणिसाव्या शतकात ज्यांनी टिपून ठेवली, त्या डॉ. जोझे गर्सन दा कुन्हा यांची आठवण ठेवायची तर ती इथेच, वाकून, त्यांनी वाचलेले दगड पुन्हा वाचून. त्यांचा जन्म १८४४ चा, गोव्यात बार्देशातल्या हडफडे गावातल्या कॅथलिक घरातला. वैद्यकीचं शिक्षण मुंबईत आणि पुढे इंग्लंडमध्ये, व्यवसाय मुंबईत. चौल आणि वसईच्या इतिहासावरचं त्यांचं पुस्तक १८७६ मध्ये आलं. पुढच्याच वर्षी त्यांनी संपादित केलेला सह्याद्रिखंड या पुराणग्रंथाचा संस्कृत पाठ छापला गेला, नंतर कोकणीवर आणि इंडो-पोर्तुगीज नाण्यांवर लिहिलं, आणि मुंबईच्या मूळ इतिहासावरचा ग्रंथ १९०० मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या वर्षी बाहेर पडला. पेशाने डॉक्टर असलेल्या माणसाचं हे काम आहे. मराठी वाचक त्यांना जवळजवळ विसरले आहेत, आणि मला हे फार खटकतं. ते वसईला आले तेव्हा तटाच्या आतली जमीन एका इंग्रज मेजरने भाड्याने घेतली होती आणि तिथे ऊस लावला होता. म्हणजे आज आपल्याला दिसते त्यापेक्षा कितीतरी जास्त झाडी, आणि वाट विचारायला फलक नाही.

जायचं कसं याला फार शब्द नकोत. वसई रोडला उतरून पश्चिमेला या, महापालिकेची बस किंवा रिक्षा पकडून पारनाक्यावरून किल्ल्यात. वाटेत सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, दिसली तर घ्या, दिवसभर पुरतात. पिण्याचं पाणी मात्र भरपूर न्या. बुरूज, सागरी दरवाजा, बालेकिल्ला, चिमाजी अप्पांचा पुतळा, नागेश्वराचं देऊळ हे सगळं एका फेरीत होतं. अक्षरांसाठी स्वतंत्र दिवस ठेवा आणि तो डिसेंबर ते फेब्रुवारीतला ठेवा. पावसाळ्यात शिळांवर शेवाळ आणि गुडघाभर गवत असतं, त्यात साप. मे महिन्यात दगड इतका तापतो की त्यावर गुडघा टेकवत नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट उजेडाची. दुपारी बाराला गेलात तर काही दिसणार नाही, कारण डोक्यावरचं ऊन अक्षराच्या खाचेत सरळ उतरतं आणि सावली पडत नाही. झिजलेली खाच एखादा मिलिमीटर उरलेली असते. ती दिसायला प्रकाश जमिनीलगत, आडवा यावा लागतो. म्हणून सकाळी उन्हं चर्चच्या जमिनीवर तिरकी पडतात तेव्हा, नाहीतर दुपारी चारनंतर. हे जमलं नाही तर मोठी काळी छत्री न्या. छत्रीने शिळेवर पूर्ण सावली धरायची आणि हातातली बॅटरी दगडाला जवळजवळ चिकटवून एका बाजूने मारायची. बॅटरी वर उचललीत की अक्षरं बुजतात, खाली आणलीत की उठतात. एकाच बाजूने मारून भागत नाही. डावीकडून उजेड टाकला तर उभ्या रेघा दिसतात, आडव्या लपतात. कॅमेरा हलवायचा नाही, फक्त बॅटरी शिळेभोवती फिरवत आठ-दहा फोटो घ्यायचे आणि घरी एकावर एक ठेवून बघायचे. जे अक्षर जागेवर लागलं नाही ते बऱ्याचदा अशा फोटोंत लागतं.

काय करायचं नाही, ते जास्त महत्त्वाचं. सुकी पानं आणि वाळू झटकायला रंगाचा रुंद मऊ ब्रश पुरतो. तारेचा ब्रश, खराटा, काहीही टोकदार नको. शेवाळ खरवडू नका: ते दगडाच्या झिजलेल्या पापुद्र्याला धरून असतं, ओढलंत की पापुद्र्यासकट अक्षर निघतं. खडू किंवा पीठ अक्षरात भरू नका. कण खाचेत अडकून राहतात हे एक, पण त्याहून वाईट म्हणजे खडूने रंगवलेलं अक्षर हा रंगवणाऱ्याचा अंदाज असतो, आणि पुढचा माणूस दगड वाचायचं सोडून तो अंदाज वाचतो. पाणी ओतायचा मोहही टाळा. ओल्या दगडावर अक्षर क्षणभर उठून दिसतं हे खरं, पण खाडीच्या खाऱ्या हवेने दगडात मीठ मुरलेलं असतं. पाण्याने ते विरघळतं, सुकताना पृष्ठभागाखाली पुन्हा स्फटिक धरतं आणि वरचा थर फुगवून सोडवतं. कागद ठेवून ठसा घेणंही नको. हे संरक्षित स्मारक आहे, आणि फोटोंनी तेच काम निभतं.

आता वाचन. मजकूर पोर्तुगीज आहे, पण त्याला घाबरू नका, कारण साचा ठरलेला आहे: ही समाधी अमक्याची, त्याच्या बायकोची आणि त्यांच्या वारसांची. मग वारल्याचा दिवस, महिना, साल. ‘सेपुल्तुरा’ म्हणजे समाधी. हा शब्द पूर्ण क्वचितच कोरतात. बहुधा एक ‘एस’ आणि त्याच्या डोक्यावर बारीक ‘ए’ एवढंच असतं. ‘मोल्येर’ म्हणजे बायको. ‘एर्देइरोश’ म्हणजे वारस, आणि त्यातलं सुरुवातीचं मुकं ‘एच’ पाथरवटाने बहुतेक वेळा गाळलेलं असतं. ‘यू’च्या जागी ‘व्ही’ आणि ‘जे’च्या जागी ‘आय’ कोरलेला सापडेल. अक्षरावर नागमोडी रेघ असेल तर तिथला ‘एन’ किंवा ‘एम’ गाळला आहे असं समजायचं. जागा वाचवायला एका अक्षराच्या पोटात दुसरं बसवतात, ‘डी’च्या आत ‘ई’ ही जोडी तर नेहमीची. शेवटी पी, एन, ए, एम ही चार अक्षरं आली की ती प्रार्थनेची विनंती: एक पाटेर नोस्टर, एक आवे मारिया. सालाआधी ‘एरा’ हा शब्द दिसला की काही जण त्यातून ३८ वर्षं वजा करतात, कारण जुन्या स्पॅनिश कालगणनेत तसा फरक होता. पण पोर्तुगालने ती गणना १४२२ मध्येच सोडली. वसईतल्या ‘एरा’चा अर्थ नुसता ‘साल’. वजाबाकी केलीत तर माणूस खऱ्यापेक्षा ३८ वर्षं आधीच पुरला जाईल.

लेख शिळेच्या कडेने फिरत असेल तर वरच्या डाव्या कोपऱ्यापासून घड्याळाच्या दिशेने स्वतः फिरा, मान वाकडी करून वाचू नका. मधल्या ढालीवरची चित्रं ही घराण्याची चिन्हं आहेत. कवटी आणि दोन हाडं कोरलेली आढळली तर कृपा करून चाचे आणि खजिन्याच्या गोष्टी सांगू नका. मरण सगळ्यांना आहे याची ती ख्रिस्ती आठवण आहे. उतरवून घेताना ओळ जिथे तुटते तिथे तिरपी रेघ द्या, गेलेली अक्षरं चौकोनी कंसात, शंकास्पद अक्षराखाली टिंब. स्पेलिंग सुधारू नका. शिळेची लांबी-रुंदी आणि अक्षराची उंची सेंटिमीटरमध्ये लिहा, म्हणजे पुढे शिळा हलली किंवा फुटली तरी ओळखता येईल. आणि शिळा जिथे आहे तिथेच माणूस पुरला आहे असं धरून चालू नका, दगड बरेच इकडचे तिकडे झाले आहेत.

एवढं केल्यावर माणसं भेटायला लागतात. दा कुन्हांच्या काळापासून माहीत असलेली दोना फ्रान्सिस्का द मिरांदा हिची शिळा घ्या. मानुएल द मेलू पेरेइरा याची ही बायको, १६०६ च्या नोव्हेंबरात वारली. याच कुटुंबाने मुख्य वेदीचा भाग उभारून दिला. तिच्याबरोबर मुलगी दोना इनेश आणि नातू लुईश यांचीही नावं आहेत. एका शिळेवर तीन पिढ्या, आणि सुरुवात बाईच्या नावाने. लढाईच्या बखरीत अशी बाई तुम्हाला कधीच सापडणार नाही.

संत जोसेफच्या चर्चमध्येही असंच. मनोऱ्याचा चक्री जिना चढून समुद्र बघायला सगळे धावतात, जिना अरुंद आहे, रविवारी त्यात चेंगराचेंगरी होते. दारावरचा लेख मात्र मान वर करून वाचावा असा आहे: १६०१ मध्ये आर्चबिशप आलेइशू द मेनेझिश असताना आणि पेद्रू गाल्वांव पेरेइरा इथले व्हिकार, म्हणजे प्रमुख धर्मगुरू, असताना या मुख्य चर्चची पुनर्बांधणी झाली. आत गाल्वांवचीही शिळा आहे. १६१८ मध्ये मरण दूर आलं आणि हाडं त्याच्या या चर्चमध्ये आणली, असं ती सांगते. दार आणि जमीन एकमेकांना दुजोरा देतात, तेव्हा इतिहास पक्का होतो. दा कुन्हांचं वाचन याच पद्धतीने पडताळता येतं, आणि पडताळायलाच हवं.

याच कामाचा दुसरा धागा घंटांचा. नाशिकचं नारोशंकराचं देऊळ, भीमाशंकर, नाना फडणवीसांच्या मेणवलीचा घाट: तिथल्या पोर्तुगीज घंटांवरही लेख आहेत, मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल आहे. धातूवरची अक्षरं उठावाची असल्याने ती दगडापेक्षा कितीतरी सोपी. ज्याला सराव करायचा आहे त्याने घंटेपासून सुरुवात करावी. आणि गोव्याला गेलात तर बॉम जिझस चर्चच्या दर्शनी भागातला कोरीव काळा दगड जवळून बघा, तो वसईहून नेलेला आहे.

किल्ल्यातलं जेझुइट या दुसऱ्या संघाचं चर्च आज गोन्सालो गार्सियांच्या नावाने वापरात आहे. जपानात नागासाकीला १५९७ मध्ये हुतात्मा झालेले हे संत वसईचेच. तिथे छप्पर आहे, झाडलोट होते, माणसं प्रार्थनेला येतात. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीला यातलं काहीच नाही. दर पावसाळ्यात तिथलं पाणी शिळांवरून वाहतं. वसईच्या प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या धर्मग्रामात, जुनी माहिती जपणारं एखादं वडीलधारं माणूस असतंच. त्यांनी तरुणांना हाताशी धरून डिसेंबरात एकेक चर्च वाटून घ्यावं, प्रत्येक शिळेला क्रमांक द्यावा आणि दा कुन्हांच्या १८७६ च्या पुस्तकातल्या नकलेशी ताडून बघावं. कुठली अक्षरं दा कुन्हांना दिसली होती आणि आज गेली, कुठली त्यांच्या नजरेतून सुटली पण बॅटरीच्या आडव्या उजेडात सापडतात, याची यादी मराठीत व्हायला हवी, आणि ती पुढच्या जूनच्या आत हवी.