ड्राय बाल्कनीच्या दाराला कॅट फ्लॅप : नोंद दुसरी

मागच्या नोंदीत जागा ठरली होती: कोथरूडचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, स्वयंपाकघरातून ड्राय बाल्कनीत जाणारं दार. आता फ्लॅप, म्हणजे मांजराला ये-जा करायची छोटी झडप, निवडून, दार कापून बसवणं झालंय.

आधी निवडीबद्दल, कारण पैसे तिथेच वाया जातात. फ्लॅप कुठे उघडतो यावर सगळं ठरतं. तळमजला किंवा बंगला असेल तर गल्लीतला बोका आत शिरून मुताचे फवारे मारून जातो. तिथे आपल्या मांजराच्या कातडीखालची मायक्रोचिप ओळखणाराच फ्लॅप घ्यावा. मांजराची चिप १५ अंकी, १३४.२ किलोहर्ट्झची असते. दुकानात एक गोष्ट जरूर विचारा: चिप फक्त आत येताना वाचली जाते, की बाहेर जातानाही? घरात नसबंदीचं ऑपरेशन न झालेलं मांजर असेल तर त्याला अडवायला बाहेर जातानाही चिप वाचणारा प्रकारच लागतो. लोखंडी सेफ्टी डोअरमध्ये मात्र चिपचा फ्लॅप नको, धातूमुळे रीडरचा पल्ला घटतो.

इथे बाल्कनी बंदिस्त आहे, त्यामुळे चार प्रकारे (फक्त आत, फक्त बाहेर, दोन्हीकडे उघडा, पूर्ण बंद) लावता येणारा साधा फ्लॅप पुरला. त्यातलं ‘फक्त आत’ फार कामाचं. डॉक्टरकडे न्यायच्या दिवशी सकाळीच तसं लावून ठेवायचं, म्हणजे आत आलेलं मांजर पुन्हा सटकत नाही.

माप घेताना मांजराच्या सर्वांत रुंद भागात २-३ सेंमी मिळवायचे आणि भोकाची खालची कड पोटाच्या उंचीला ठेवायची. इथे ती आतून १३ सेंमी आहे. पण ड्राय बाल्कनीची फरशी बहुतेक घरांत खाली असते. या घरी फरक ५ सेंमीचा, म्हणजे बाहेरून उंची झाली १८. म्हातारी मांजरी एवढ्यावर अडते, म्हणून बाहेर कडाप्प्याचा तुकडा पायरीसारखा बसवला. दोन्ही बाजूंनी मोजल्याशिवाय पेन्सिल लावू नका.

दार ३० मिमीचं फ्लश डोअर. कोपऱ्यांत ३ मिमीची आरपार भोकं पाडून आखणी पलीकडे नेली, रेषेवर मास्किंग टेप लावला, रेषेच्या आतल्या बाजूला १० मिमीची भोकं पाडून जिगसॉ फिरवला. जिगसॉचं पातं वर येताना कापतं, त्यामुळे ढलप्या वरच्या बाजूला उडतात. दार आडवं टाकून दर्शनी बाजू खाली ठेवायची. आतून पोकळ निघालं तर कडेने सागाच्या पट्ट्या फेव्हिकॉलने भरून मगच फ्रेम लावायची, नाहीतर बोल्ट आवळताना प्लाय दबतो.

कापलेली कड उघडी ठेवली की जुलैत दार फुगतं, फ्रेम तिरकी होते आणि झडप खाली घासते. म्हणून सीलरचे दोन हात दिले. फटींसाठी न्यूट्रल सिलिकॉन घ्या. ॲसिटिक प्रकाराला सुकेपर्यंत व्हिनेगरसारखा उग्र वास येतो आणि मांजर त्या दाराकडे फिरकतही नाही.

सध्या शिकवणी चालू आहे. झडप आधी टेपने पूर्ण वर, मग अर्धी, पलीकडे सुकट. धाकटी सहज जाते, मोठी अजून पंजाने ढकलून बघते. डोक्याने ढकलायला लागेपर्यंत झडप पूर्ण सोडायची नाही.

बाल्कनीची नायलॉनची कबुतरजाळी काढून स्टीलची जाळी आधीच बसवली आहे. नायलॉन मांजर दातांनी तोडतं. पश्चिमेच्या वाऱ्याने झडप आपटते, तिला ब्रशची पट्टी लावणं बाकी.